संगणकावरील आकृती : सॉफ्टवेअरची निवड कशी करावी?

मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या काठच्या खाजन जमिनी शतकानुशतके पिकत आलेल्या आहेत. समुद्राची भरती नदीत शिरली की नदीची पातळी या शेतांहून वर चढते. तरीही शेते बुडत नाहीत, याचे श्रेय बांधांना व बांधांत बसविलेल्या मानशींना द्यावे लागेल. मानस म्हणजे पाण्याच्या दाबावर आपोआप उघडणाऱ्या व मिटणाऱ्या दारांची व्यवस्था होय. ओहोटीच्या वेळी शेताकडील पाण्याचा दाब अधिक असतो. त्यामुळे दार नदीच्या बाजूला उघडते आणि साचलेले पाणी बाहेर जाते. भरती येऊ लागली की नदीचे पाणी त्याच दाराला बाहेरून रेटते आणि दार मिटते. खारे पाणी आत शिरू शकत नाही.

ही रचना शब्दांत सांगण्यास एक परिच्छेद लागला. तरीही ज्याने मानस पाहिलेली नाही, त्याच्या डोळ्यांपुढे ती उभी राहीलच असे नाही. शिक्षक फळ्यावर ओहोटीची एक व भरतीची एक अशा दोन आकृत्या काढतो आणि वर्गाला ती चटकन उमगते. मात्र तास संपला की फळा पुसला जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तोच खडू आणि पुन्हा तीच मेहनत.

संगणकावर काढलेली आकृती अशी पुसली जात नाही. ती छापता येते, शेजारच्या शाळेला पाठविता येते, ग्रामसभेत पडद्यावर दाखविता येते. त्यामुळे शाळा, पंचायती आणि कार्यालये यांत आकृत्या संगणकावर काढण्याचा प्रघात वाढत गेला आहे. परंतु त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, याचा विचार बहुधा आकृती काढून झाल्यावर, म्हणजे अडचण उभी राहिल्यावर केला जातो. हा विचार आधीच कसा करावा, याचे दिग्दर्शन प्रस्तुत लेखात केले आहे.

एका दाराची चूक

समजा, एका शाळेत मानशीची सुबक आकृती संगणकावर तयार झाली. घाईत दार शेताच्या बाजूला उघडणारे दाखविले गेले. दिसावयास चूक लहान. परंतु अर्थ पार उलटा झाला. असे दार भरतीच्या रेट्याने उघडेल आणि खारे पाणी शेतात घेईल. खाऱ्या पाण्याने भिजलेली जमीन पुन्हा भाताला योग्य होण्यासाठी तिच्यातील क्षार पावसाच्या पाण्याने धुऊन जावे लागतात आणि त्यात शेतकऱ्याचे हंगाम वाया जातात. शाळेच्या प्रदर्शनात एखाद्या वयस्क शेतकऱ्याच्या नजरेला ही चूक आली आणि त्याने ती सांगितली. आता दुरुस्ती करावयाची. पण ती कशी? आकृती काढणाऱ्या शिक्षकाची बदली झालेली आहे, मूळ फाईल त्यांच्याजवळच्या संगणकात राहिली आहे आणि शाळेत उरले आहे ते मोबाईलवर आलेले एक पुसट चित्र. त्यातले दार वळविता येत नाही. परिणामी संपूर्ण आकृती नव्याने काढावी लागते. नाहीतर चुकीचीच आकृती भिंतीवर तशीच राहते.

कार्यालयांतही हेच घडू शकते. एखादा अर्ज कोणत्या क्रमाने कोणत्या टेबलावर जातो, हे दाखविणारा तक्ता दर्शनी भागात लावलेला असतो. पुढे नियम बदलतो आणि एक टप्पा रद्द होतो. तक्ता मात्र बदलता येत नाही, म्हणून तो लोकांना रद्द झालेल्या टेबलाकडेच पाठवीत राहतो. दूरच्या वाड्यावरून आलेल्या माणसाचा त्यात एक दिवस आणि बसभाडे जाते. नळयोजनेच्या आकृतीत नवीन झडप दाखविलेली नसेल, तर गळतीच्या वेळी पाणी कोठे बंद करावे, हेच कळत नाही.

यावरून निवडीची मुख्य कसोटी स्पष्ट होते. आकृती किती देखणी काढता येते, हा प्रश्न दुय्यम आहे. आज काढलेली आकृती उद्या दुसऱ्या व्यक्तीला, दुसऱ्या संगणकावर, विनाखर्च उघडता येईल काय आणि तिच्यात दुरुस्ती करता येईल काय, हा पहिला प्रश्न होय. सॉफ्टवेअरविषयीचे बाकीचे सर्व विवेचन या प्रश्नाच्या अनुषंगाने करावयाचे आहे.

ठिपक्यांचे चित्र आणि रेषांचे चित्र

संगणक चित्र दोन प्रकारे साठवितो. पहिल्या प्रकारात संपूर्ण चित्र म्हणजे बारीक रंगीत ठिपक्यांची दाटीवाटीने मांडलेली जाळी असते. छायाचित्रे या प्रकारची असतात. नेहमीच्या ए-4 आकाराच्या कागदावर दर इंचास 300 ठिपके या हिशेबाने एका पानाचे सुमारे 87 लाख ठिपके होतात. यातला कोणता ठिपका दाराचा आणि कोणता पाण्याचा, हे फाईलमध्ये कोठेही नोंदलेले नसते. म्हणून दार उचलून बाजूला ठेवता येत नाही. ते खोडून पुन्हा रंगवावे लागते. चित्र मोठे केले की कडा खडबडीत दिसू लागतात.

दुसऱ्या प्रकारात ठिपके साठविले जात नाहीत. कोणता आकार, कोठून कोठपर्यंत, किती जाडीचा व कोणत्या रंगाचा, एवढेच वर्णन साठविले जाते. ‘येथे एक आयत, डावीकडून 100, वरून 50, रुंदी 200, उंची 80’ अशा धर्तीची ही नोंद असते. रांगोळीचे उदाहरण घेतले तर हा फरक ध्यानात येईल. काढून झालेल्या रांगोळीचे छायाचित्र हा पहिला प्रकार. आणि ‘सात ठिपके सात ओळी, मधल्या ठिपक्यापासून पाकळी’ ही वहीत टिपून ठेवलेली रीत हा दुसरा. छायाचित्रावरून रांगोळी नुसती पाहता येते. रीत हाती असेल तर ती अंगणाएवढी मोठी काढता येते आणि एक पाकळी बदलताही येते. आकृत्यांसाठी दुसरा प्रकारच योग्य होय.

दुरुस्तीची ही सोय नंतर सुचलेली नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे आयव्हन सदरलँड यांनी 1963 साली ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली आपल्या प्रबंधाद्वारे मांडली. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून तीत रेषा काढता येत. मूळ आकारात बदल केला की त्या आकाराच्या सर्व प्रतींत तो आपोआप उमटे. म्हणजे संगणकावरील रेखाटनाच्या अगदी आरंभीच दुरुस्ती हा त्याचा गाभा मानला गेला होता.

चित्रासाठी वेगळे, आकृतीसाठी वेगळे

रेषांचे चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही दोन वर्ग पडतात. एका वर्गात मुक्तपणे वळणदार रेषा काढण्यावर भर असतो. दुसऱ्या वर्गात चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण यांवर भर असतो. या दुसऱ्या वर्गातील बाण चौकटीला चिकटलेले असतात. चौकट सरकविली की बाण तिच्यामागे आपोआप येतो. पंधरा टप्प्यांच्या ओघतक्त्यात मधोमध एक नवीन टप्पा घालावयाचा असेल, तर या एका सोयीने तासाभराचे काम पाच मिनिटांत होते.

कामकाजाचे टप्पे चिन्हांनी दाखविण्याची पद्धत संगणकाहून जुनी आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याने 1921 साली तेथील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे असे तक्ते मांडले होते. लंबगोलाने आरंभ व शेवट, चौकटीने कृती आणि समभुज चौकोनाने ‘होय की नाही’ असा निर्णय दाखविण्याची रीत आज सर्वत्र रूढ आहे. ती पाळल्यास तक्ता वाचणाऱ्याला वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

हाताशी असलेली साधने

आज उपलब्ध असलेल्या साधनांपैकी जी शाळांना व पंचायतींना सहज पेलतील, त्यांचा गुणदोषांसह परिचय पुढे दिला आहे.

पेंट : हे विंडोजसोबत 1985 सालापासून मिळत आले आहे. मुलांना माऊस हाताळण्यास शिकविण्यासाठी किंवा छायाचित्रावर एखादी खूण करण्यासाठी ते उत्तम. परंतु त्यात तयार होते ते ठिपक्यांचे चित्र. टिकवून ठेवावयाच्या आकृतीसाठी ते वापरू नये.

लिबर ऑफिस ड्रॉ : 2010 साली ओपन ऑफिसपासून वेगळ्या झालेल्या लिबर ऑफिस या संचाचा हा एक भाग आहे. तो विनामूल्य आहे आणि इंटरनेटवाचून चालतो. यात साध्या आकृत्या काढता येतात आणि चिकटते बाणही मिळतात. ओ.डी.जी. ही त्याची फाईल ज्या ‘ओपन डॉक्युमेंट’ कुळातील आहे, त्या कुळाला 2006 साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. ज्या कार्यालयात पत्रलेखनासाठी लिबर ऑफिस आधीच बसविलेले आहे, तेथे आणखी काही बसविण्याची गरजही पडत नाही. पहिली निवड म्हणून याचा विचार करण्यास हरकत नाही.

ड्रॉ.आय.ओ. : ओघतक्ते, कार्यालयाची रचना, पाणीपुरवठ्याची साखळी अशा चौकटी व बाणांच्या आकृत्यांसाठी हे अतिशय सोपे आहे. ते ब्राउझरमध्ये चालते. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही. काढलेली आकृती आपल्याच संगणकावर ठेवता येते. जेथे इंटरनेट अनियमित आहे, तेथे संगणकावर बसविण्याची त्याची स्वतंत्र आवृत्ती वापरावी. यातून पी.एन.जी. चित्र बाहेर काढताना त्या चित्रातच आकृतीची मूळ प्रत दडवून ठेवण्याचा पर्याय आहे. असे चित्र पुन्हा ड्रॉ.आय.ओ.मध्ये उघडले की दुरुस्ती करता येते.

इंकस्केप : 2003 साली सुरू झालेले हे विनामूल्य सॉफ्टवेअर वळणदार रेषांसाठी सर्वांत समर्थ आहे. फुलाचा छेद, हृदयाची रचना, मानशीचा आडवा छेद अशा आकृत्या यात उत्तम होतात. त्याची फाईल एस.व्ही.जी. या पद्धतीची असते. या पद्धतीला 2001 साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने शिफारस केलेल्या मानकाचा दर्जा दिला. ही फाईल साध्या मजकुराच्या रूपात असल्यामुळे उद्या इंकस्केप नसले, तरी दुसरे सॉफ्टवेअर ती वाचू शकेल. शिकण्यास मात्र ड्रॉपेक्षा अधिक दिवस द्यावे लागतात.

सादरीकरणाचे सॉफ्टवेअर : अनेक शिक्षक पॉवरपॉइंट किंवा इम्प्रेस यांतच आकृत्या काढतात. त्यांतील आकारही रेषांच्या प्रकारचे असून सरकविता येतात. पाचसात चौकटींची आकृती असेल, तर यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. जे येते आणि जे शेजाऱ्यालाही येते, ते वापरणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

व्हिजिओ व कोरल ड्रॉ : व्हिजिओ 1992 साली बाजारात आले आणि 2000 साली मायक्रोसॉफ्टकडे गेले. कोरल ड्रॉ छापखान्यांत व फलक तयार करणाऱ्या दुकानांत घराघरांतील पाटा-वरवंट्याइतके परिचयाचे आहे. दोन्ही समर्थ आहेत. पण दोन्ही सशुल्क आहेत. जेथे ती रीतसर घेतलेली आहेत, तेथे अवश्य वापरावीत. मात्र ज्या पंचायतीकडे ती नाहीत, तिला त्यांची मूळ फाईल पाठविणे म्हणजे कुलूप पाठवून किल्ली घरी ठेवण्यासारखे आहे. लिबर ऑफिस व्हिजिओच्या फाईली उघडू शकते, परंतु त्या स्वरूपात परत साठवू शकत नाही, हेही लक्षात असावे.

भारत सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण 2010 साली आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या अवलंबाचे धोरण 2015 साली जाहीर केले. सार्वजनिक पैशाने तयार झालेली माहिती एखाद्याच विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून राहू नये, हा विचार त्यांमागे आहे. गावाच्या आकृतीलाही तोच न्याय लावणे उचित होय.

देवनागरीची परीक्षा

सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत न सापडणारी एक परीक्षा मराठी वाचकांनी स्वतःच घ्यावयाची असते. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे तुटतात, वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते, रफार सुटून पडतो. याकरिता ‘शेतकऱ्यांची क्षारयुक्त जमीन’, ‘पाण्याचा ऱ्हास’, ‘दऱ्याखोऱ्यांतील वृष्टी’ असे शब्द मुद्दाम लिहून पाहावेत. ‘दऱ्या’मधील अर्धा ऱ मराठीच्या वळणाने उमटतो की नाही, हे विशेष पाहावे. लिबर ऑफिसमध्ये काही वेळा भाषेच्या मांडणीत भारतीय लिपींचा पर्याय चालू केल्यावरच अक्षरे नीट येतात.

याहून मोठी अडचण जुन्या फाँटची आहे. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत 1991 साली देवनागरीचा समावेश झाला. त्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. तत्पूर्वीच्या व त्यानंतरही बरीच वर्षे चाललेल्या अनेक फाँटमध्ये प्रत्येकाची अक्षरयोजना निराळी होती. अशा फाँटमध्ये लिहिलेली आकृती दुसऱ्या संगणकावर उघडली की ‘पाण्याची टाकी’ या शब्दांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. यास्तव आकृतीतील प्रत्येक शब्द युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. त्यासाठी इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज व लिनक्स या दोहोंत असतो.

युनिकोड असले तरी समोरच्या संगणकावर तोच फाँट असेल, असे नाही. पी.डी.एफ. फाईलमध्ये फाँट अंतर्भूत करता येतो, म्हणून छापखान्याला व वाचकांना तीच पाठवावी. इंकस्केपमध्ये अक्षरांचे रूपांतर रेषांत करण्याची सोय आहे. तसे केल्यावर अक्षरे कोठेही बिघडत नाहीत. पण मग शुद्धलेखनाची चूकही सुधारता येत नाही. म्हणून रूपांतर नेहमी वेगळ्या प्रतीवर करावे. ड्रॉ.आय.ओ.मधून काढलेली एस.व्ही.जी. फाईल इंकस्केपमध्ये उघडली असता कधी कधी चौकटी दिसतात आणि अक्षरे गायब होतात. अक्षरांची सजावट व ओळ आपोआप मोडण्याची सोय बंद करून फाईल पुन्हा बाहेर काढल्यास हा दोष सहसा टळतो.

आकृतीची देवाणघेवाण

आकृती पाठविताना दोन प्रती तयार कराव्यात : एक पाहण्याची आणि एक दुरुस्तीची. पाहण्याची प्रत पी.डी.एफ. किंवा पी.एन.जी. असावी. जे.पी.जी. ही पद्धत छायाचित्रांसाठी आहे. तीत बारीक रेषांच्या व अक्षरांच्या कडांभोवती धुरकट डाग उमटतात. दुरुस्तीची प्रत म्हणजे ओ.डी.जी., एस.व्ही.जी. किंवा ज्यात आकृती काढली तिची मूळ फाईल. ही प्रत शाळेच्या अथवा पंचायतीच्या दप्तरी ठेवावी. ती एका व्यक्तीच्या मोबाईलवर किंवा खाजगी खात्यात राहिली, तर त्या व्यक्तीच्या बदलीबरोबर तीही जाते.

व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठविलेली आकृती आकाराने लहान केली जाते. तिची अक्षरे पुसट होतात आणि चित्रात दडविलेली मूळ प्रतही हरवते. तीच आकृती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास जशीच्या तशी पोहोचते.

इंटरनेटवर ठेवलेल्या आकृतीचा दुवा पाठविताना पाहण्याचा अधिकार वेगळा आणि बदलण्याचा अधिकार वेगळा, हे विसरू नये. दुवा हाती असलेल्या प्रत्येकाला बदल करता येईल अशी मांडणी ठेवली, तर गावाचा तक्ता कोणीही कळत वा नकळत बिघडवू शकतो. तसेच लाभार्थींची नावे, दूरध्वनी क्रमांक, आधार क्रमांक, आजारांची माहिती अशा गोष्टी आकृतीत घालूच नयेत. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम 2023 साली संमत झालेला आहे; पण कायद्याचा विचार बाजूला ठेवला, तरी शेजाऱ्याची खाजगी बाब भिंतीवर लावू नये, हा गावाचा जुनाच रिवाज आहे.

आकृतीच्या कोपऱ्यात तिचे नाव, तयार केल्याचा दिनांक, शेवटच्या दुरुस्तीचा दिनांक आणि जबाबदार पदाचे नाव लिहावे. फाईलच्या नावातही दिनांक असावा. ‘शेवटची’, ‘अगदी शेवटची’, ‘नवीन शेवटची’ अशा नावांच्या तीन फाईलींतून खरी कोणती, हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

निवडीपूर्वीची चाचणी

सॉफ्टवेअर ठरविण्यापूर्वी अर्धा दिवस काढून पुढील चाचणी घ्यावी :

1. आकृती प्रथम कागदावर काढावी आणि विषयाच्या जाणकाराला दाखवावी. मानशीची असेल तर शेतकऱ्याला, नळयोजनेची असेल तर पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला.

2. तीच आकृती संगणकावर काढून पाहावी. पाच चौकटी, सहा बाण व दहा मराठी शब्द पुरेत.

3. मधली चौकट सरकवावी. बाण सोबत येतात काय, हे पाहावे.

4. फाईल दुसऱ्या संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून उघडावी. अक्षरे व रेषा जागच्या जागी आहेत काय, हे तपासावे.

5. जिने आकृती काढलेली नाही अशा व्यक्तीला एक शब्द व एक बाण बदलण्यास सांगावे. तिला अर्ध्या तासात ते जमले पाहिजे.

6. आकृती काळ्यापांढऱ्या छपाईत काढावी. पाणी निळे आणि बांध तपकिरी, एवढ्याच खुणेवर आकृती उभी असेल, तर छपाईत दोन्ही करडे होतात. म्हणून रंगाबरोबर नाव लिहावे किंवा रेषांची जात वेगळी ठेवावी.

7. आकृती मोबाईलवर उघडून वाचावी. बहुसंख्य गावकरी ती तेथेच पाहणार आहेत.

यांपैकी पाचवी चाचणी सर्वांत महत्त्वाची होय. तीत नापास होणारे सॉफ्टवेअर इतर सर्व बाबतींत सरस असले, तरी ते सार्वजनिक कामासाठी घेऊ नये.

मर्यादांचे भान

या सर्व साधनांच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. ड्रॉ किंवा इंकस्केप यांत काढलेली गावाची आकृती ही समजुतीसाठी असते. तिला मोजणीच्या नकाशाची मान्यता नसते. जमिनीची हद्द, क्षेत्र आणि मालकी यांसाठी भूमी अभिलेख कार्यालयाचाच नकाशा ग्राह्य धरावा आणि अशा आकृतीवर ‘प्रमाणात नाही’ असे स्पष्ट लिहावे. अक्षांश-रेखांशांसह खरा नकाशा तयार करावयाचा असेल, तर क्यू.जी.आय.एस. हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. परंतु त्यास प्रशिक्षण लागते. बांधकामाचे मोजमापाचे आराखडे तज्ज्ञांकडूनच करून घ्यावेत.

शिवाय सॉफ्टवेअर आकृती नेटकी करते. ती खरी आहे की नाही, हे त्याला कळत नाही. सरळ रेषा आणि सुबक अक्षरे पाहून वाचक आकृतीवर चटकन विश्वास ठेवतो. खडूने काढलेल्या आकृतीला जो प्रश्न कोणीही विचारील, तो छापील आकृतीला विचारण्यास लोक कचरतात. म्हणून संगणकावरील आकृतीची जबाबदारी अधिक आहे.

खाजन शेतीच्या बांधाची दरवर्षी पाहणी करावी लागते. खेकड्यांनी पाडलेली बिळे बुजवावी लागतात, खचलेली माती भरावी लागते, मानशीची कुजलेली फळी बदलावी लागते. बांध टिकतो तो एकदाच भक्कम बांधला म्हणून टिकत नाही. गावातील कोणालाही त्याची डागडुजी करता येते, म्हणून टिकतो. गावाच्या आणि शाळेच्या आकृत्यांनाही हेच लागू पडते. ज्या साधनाने उद्याचा शिक्षक, उद्याचा पंचायत सचिव किंवा गावातील एखादी विद्यार्थिनी आजच्या आकृतीतील चुकलेले दार योग्य बाजूला वळवू शकेल, तेच साधन निवडावे.